पाद्री, परधान आणि काळा दगड

घुग्घुसच्या खाणीतून निघणारा कोळसा ज्या थरात सापडतो त्या थराला भूगर्भवाले 'गोंडवाना' म्हणतात. हे नाव १८७२ साली मेडलिकॉट नावाच्या सरकारी भूगर्भवाल्यानं दिलं. पुढं १८८५ साली ऑस्ट्रियातल्या झ्यूस नावाच्या पंडितानं तेच नाव उचललं आणि समुद्रापल्याडचे मुलूख ज्यानं एकेकाळी जोडलेले होते त्या जुन्यापुराण्या भूखंडाला 'गोंडवानालँड' म्हटलं. म्हणजे बघा. साऱ्या जगाच्या पोथीत गोंडाचं नाव आलं. आणि वर्धा नदीच्या काठानं जिथं जिथं हा दगड लागला तिथून गोंड मात्र उठला. नाव राह्यलं, माणूस गेला. आपल्याकडं हे नेहमीचंच.

पण आज मला खाणीबद्दल नाही लिहायचं. या दगडावर पहिल्यांदा हातोडी मारत जो माणूस या मुलखात हिंडला तो कंपनीचा इंजिनियर नव्हता, सरकारी साहेब नव्हता. तो पाद्री होता. आणि ज्या हातानं त्यानं दगड वेचले त्याच हातानं गोंडांचं लिंगोचं गाणं उतरून घेतलं, त्याच हातानं शाळा काढल्या.

आता कोणी म्हणेल, आपल्या पानांत पाद्री कशाला? आपण १६ ऑक्टोबर १९५६ ला चांद्याच्या मैदानावर बाबासाहेबांकडून दीक्षा घेतलेली माणसं. आपला पाद्र्याशी काय संबंध? संबंध आहे. १ जानेवारी १९३८ ला सोलापुरात ख्रिस्ती लोकांपुढं बोलताना बाबासाहेबांनी बुद्ध आणि ख्रिस्त या दोघांबद्दलचा आपला आदर लपवला नव्हता. आणि त्याच भाषणात त्यांनी स्पष्ट सुनावलं होतं, की तुमच्यातल्या शिकलेल्यांनी आपल्याच समाजातल्या अन्यायाविरुद्ध लढा दिला नाही. दोन्ही गोष्टी एकाच तोंडानं. आपणही तसंच बोलावं. साध्या राहणीचा, सगळ्यांच्या उपयोगी पडणारा पाद्री म्हटला की लोक लगेच हात जोडतात, नाहीतर लगेच शिव्या घालतात. दोन्ही आळशी माणसाची कामं. तो माणूस कोणाच्या दारात बसला, कोणाच्या दारात बसला नाही, आणि त्याच्यामागं काय उरलं, हे विचारायला पाहिजे.

तर हा पाद्री म्हणजे स्टीफन हिस्लॉप. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजावर ज्याचं नाव आहे तो. कॉलेजाचं नाव तोंडात असलेल्या शंभरातल्या नव्वदांना हा कोण ते सांगता येणार नाही.

१८१७ साली स्कॉटलंडातल्या डन्स नावाच्या लहान गावात जन्मला. बाप बांधकामाच्या धंद्यातला. म्हणजे दगडाशी नातं घरातूनच. शिकून धर्मोपदेशक झाला. त्याच काळात, १८४३ साली, स्कॉटलंडच्या चर्चमध्ये मोठी फूट पडली. गावच्या पाद्र्याची नेमणूक जमीनदारानं करायची की मंडळीनं, हा भांडणाचा मुद्दा. शेकडो पाद्र्यांनी सरकारी पगार आणि राहती घरं सोडली आणि फ्री चर्च उभं केलं. हिस्लॉप त्या फ्री चर्चचा. जमीनदाराचा पाद्री व्हायचं नाही असं म्हणणाऱ्यांचा. ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण हिंदुस्थानात आल्यावर या लोकांना जमीनदार, जोशी आणि राजा तिन्ही भेटले, आणि त्यांच्यापुढं हे लोक किती ताठ राहिले आणि किती वाकले हाच पुढचा सगळा हिशोब आहे.

१८४४ च्या शेवटी तो बायकोसह मुंबईला उतरला आणि १८४५ च्या आरंभी नागपुरास आला. तेव्हा नागपूर भोसल्यांचं. इंग्रजांची छावणी कामठीला, रेसिडेंट सीताबर्डीला. रेल्वे नाही. मिशन काढायला पैसा दिला तोही कामठीच्या फौजेतल्या एका इंग्रज अधिकाऱ्यानं. १८४६ साली नागपूर शहरात त्याची शाळा सुरू झाली. दुसऱ्या वर्षी रॉबर्ट हंटर नावाचा सोबती आला. तो १८५५ साली आजारी होऊन परत गेला. बाकीची बरीच वर्षं हिस्लॉप जवळपास एकटा.

त्याची शाळा कोणासाठी? इथं मी त्याच्या बाजूनं बोलणार नाही. या स्कॉच मिशनवाल्यांची एक पद्धत होती. कलकत्त्याच्या डफसाहेबानं ती घालून दिलेली. वरच्या जातीच्या पोरांना इंग्रजी शिकवा, विचार करायला लावा, ती पोरं ख्रिस्ती झाली की खालचे आपोआप मागं येतील. वरून ओतलं की खाली झिरपतं, असा हिशोब. झिरपतं काय ते आपण पिढ्यान्पिढ्या बघत आलो. पाणवठ्यावर वरच्या अंगाला कोण भरतो आणि खालच्या अंगाला आपल्या वाट्याला काय येतं हे डफसाहेबाला महारवाड्यातल्या कोणत्याही म्हातारीनं सांगितलं असतं. त्यानं विचारलं नाही.

वरच्यांना ओढायच्या नादात हिस्लॉपची पहिली मोठी झुंजही वरच्यासाठीच झाली. बाबा पांडुरंग नावाचा ब्राह्मण पोरगा १८४८ साली त्याच्याकडं आला, मला बाप्तिस्मा पाहिजे म्हणून. राजानं त्याला परत मागितलं. रेसिडेंटनं देऊन टाकलं. तह दाखवला. राजा हिंदू, रेसिडेंट ख्रिस्ती, पण एका पोरानं काय मानायचं हे पोरानं ठरवू नये यावर दोघांचं एकमत. सत्तेला धर्म नसतो, जात असते, असं मला हे प्रकरण वाचताना वाटलं.

पण शाळेच्या भिंतीत हा माणूस मावणारा नव्हता. थंडीचे दिवस आले की तंबू उचलायचा आणि गावोगाव निघायचं. भंडारा, चांदा, वर्धेचं खोरं. बाजाराच्या दिवशी झाडाखाली बोलायचं. ऐकलं तर ऐकलं. बोलून झालं की नाल्यात उतरायचं, दगड फोडायचे. लोक म्हणत असतील, हा साहेब येडा का काय? नागपूरच्या दक्षिणेला, वरोऱ्याकडच्या मुलखात मांगली म्हणून ठिकाण आहे. तिथल्या वाळूच्या दगडात एका प्राचीन प्राण्याची कवटी मिळाली. बेडकाच्या जातकुळीतला, पण केवढ्याच्या केवढा. लंडनला ओवेन नावाच्या नामी प्राणिशास्त्रज्ञानं १८५५ साली तिचं वर्णन छापलं. कामठीच्या दगडात पानांचे ठसे मिळाले. जिभेसारखं लांबट पान, मधोमध जाड शीर. कोळशाचा थर ज्या झाडोऱ्यातून झाला त्याच झाडोऱ्यातलं हे पान. घुग्घुसच्या कोळशाशी सोयरीक असलेलं. हिस्लॉप आणि हंटर यांनी नागपूरच्या मुलखाच्या भूगर्भावर लिहिलेला लेख १८५४-५५ च्या सुमारास विलायतेतल्या शास्त्रीय नियतकालिकात आला. हिरव्या रंगाच्या एका खनिजाला त्याच्या नावावरून 'हिस्लोपाइट' म्हणतात. तळ्यात राहणाऱ्या एका बारक्या जीवालाही त्याचं नाव आहे.

त्यानं स्वतः कोळशाची खाण काढली नाही, काढायला सांगितली नाही. ते पुढं झालं. सरकारनं १८७१ साली वरोऱ्याला खाण सुरू केली, १९०६ ला ती बंद पडली, आणि बल्लारपूरकडं काम गेलं. भूगर्भ खात्याच्या ह्यूजेसनं १८७७ साली वर्धा खोऱ्याच्या कोळशावर जो मोठा अहवाल छापला त्यात घुग्घुसचं नाव आहे. तेव्हा हिस्लॉप मरून चौदा वर्षं झाली होती. पण दगड वाचायची पहिली बाराखडी त्यानं लिहिली एवढं खरं. फुकट. कोणाची रॉयल्टी नाही. आज त्याच दगडाच्या ढिगाऱ्यांखाली नदीकाठची वावरं दिसेनाशी झाली. बारा चाकी ट्रक जाताना घुग्घुसच्या घरांवर जी काळी भुकटी बसते ती पुसताना कोणाला ही गोष्ट आठवायचं कारण नाही.

१८५७ च्या गोष्टीबद्दल थोडकं. जून महिन्यात नागपूरच्या घोडदळात बंडाची तयारी होती. १३ जूनची रात्र ठरली होती. हिस्लॉपला एका ओळखीच्या मुसलमान माणसानं सावध केलं आणि त्यानं ते अधिकाऱ्यांना कळवलं. म्हणून काहीजण त्याला इंग्रजांचा हेर म्हणतील. म्हणोत. मला त्यातली दुसरी बाजू दिसते. एका मुसलमानाला हा पाद्री वाचावा असं वाटलं. हे वाटणं पगारानं येत नाही. आणि हाच पाद्री पुढं त्याच इंग्रज कारभारावर तुटून पडला. नागपूर खालसा झाल्यावर जो ढिला, लाचखाऊ कारभार चालला होता त्याविरुद्ध त्यानं वर्तमानपत्रांतून लिहिलं. १८६१ साली मध्य प्रांत नवा बनला आणि रिचर्ड टेंपल तिथं आला, तेव्हा या प्रांतातली माणसं, बोली, दगड, रस्ते सगळं माहीत असलेला एकच गोरा माणूस होता आणि तो सरकारी नोकर नव्हता.

आता त्या गाण्याकडं येतो. माझ्या मते या माणसाचं सगळ्यात मोठं काम तेच. बायबल वाटलं त्यापेक्षा मोठं.

गोंडांचा गुरू लिंगो. देवांना गुहेतून सोडवून आणणारा, गोत्रं लावून देणारा, कोणाचं कोणाशी लग्न व्हावं हे ठरवून देणारा. ही सगळी कथा गाण्यात. आणि गाणं परधानाच्या गळ्यात. परधान म्हणजे गोंडांचा भाट, पुजारी, त्यांची वंशावळ सांगणारा. पण गोंड त्याला खालचा धरतो. देव जागा करायला परधान पाहिजे, त्याचा बाना वाजल्याशिवाय देव उठत नाही, पण त्याच्या हातचं खाणार नाही. ओळखीचं वाटतं ना? गावचा वेसकर, मेलेलं ढोर ओढणारा, सांगावा नेणारा, सगळं गाव ज्याच्यावर चालतं तो गावाबाहेर.

हिस्लॉपनं अशा एका परधानाला बसवून ते गाणं गोंडीतच उतरवून घेतलं. शब्द शब्द. सोबत निरनिराळ्या जमातींच्या बोलींतल्या शब्दांच्या याद्या, चालीरीती, देवांची नावं. त्याच्या हयातीत हे छापलं गेलं नाही. त्याच्या मागं टेंपलनं कागद गोळा करून १८६६ साली नागपुरात ग्रंथ काढला. गोंडीचं एवढं लांब गाणं कागदावर आलं ते असं. विसाव्या शतकाच्या शेवटाला नागपूरच्या मोतीराम कंगालींसारख्या गोंड अभ्यासकांनी आपल्या भाषेचा, आपल्या धर्माचा शोध नव्यानं मांडला, कचारगडच्या गुहेशी माघ पौर्णिमेला लाखांनी गोंड जमू लागले, तेव्हा जुन्या लेखी पुराव्यांत या पाद्र्याचे कागद होतेच. पाद्री आला होता लिंगो पुसायला. ठेवून गेला लिंगो.

पण एक खडा दाताखाली येतोच. दगडाला हिस्लॉपचं नाव, तळ्यातल्या किड्याला हिस्लॉपचं नाव, कॉलेजाला हिस्लॉपचं नाव. ज्याच्या छातीतून ते गाणं निघालं त्या परधानाचं नाव कोणाच्या तोंडी आहे?

मेला कसा तेही सांगतो. ४ सप्टेंबर १८६३. नागपूरच्या दक्षिणेला टाकळघाटजवळ जमिनीत दगडांची मोठमोठी वर्तुळं आहेत, कोण्या जुन्या लोकांनी मेलेल्यांवर रचलेली. टेंपलबरोबर ती बघायला गेला होता. सगळे परत फिरले, हा गावातली शाळा तपासायला मागं थांबला. तपासून एकटाच घोड्यावर निघाला. पावसाचं पाणी नाल्याला चढलेलं. बोरीच्या तळावर घोडा आला, माणूस आला नाही. रात्री शोधताना पाण्यात सापडला. वय शेहेचाळीसलाही चार दिवस कमी. मागं दगडांचा साठा आणि अर्धवट कागदांची बाडं. मोठ्या साहेबांबरोबर परतला असता तर वाचला असता. खेड्यातली शाळा बघायला थांबला म्हणून मेला. त्याच्यावर कितीही टीका करा, मी वर केलीच आहे, पण हे वाक्य खोडता येत नाही.

त्याच्या मागं १८८३ साली त्याच्या शाळेचं कॉलेज झालं. मिशनच्या शाळा वाढल्या. पण वरून झिरपण्याचा हिशोब सुटला नाही. त्याचा दाखला आपल्याच जाईबाई चौधरींचा. उमरेडच्या, १८९२ चा जन्म. कामठी ते नागपूर डोक्यावर ओझी वाहणारी महाराची पोर. मिस ग्रेगरी नावाच्या मिशनरी बाईनं तिला बघितलं, हात दिला आणि मिशनच्या शाळेत महिना ४ रुपयांवर मास्तरीण म्हणून लावलं. मास्तरीण महाराची आहे हे कळताच सवर्णांनी पोरं काढून घेतली. नोकरी गेली. आता येशूच्या नावानं चाललेल्या शाळेनं काय करायला पाहिजे होतं? पोरं जाऊ द्यायची का बाई जाऊ द्यायची? बाई गेली. मिस ग्रेगरीचा हात खरा होता, शाळेचा हिशोबही खरा होता. जाईबाईंनी मग कोणाच्या दारात न जाता १९२२ साली नागपुरात संत चोखामेळा कन्याशाळा काढली. चांगला पाद्री, चांगली मिशनरीण भेटणं हे नशीब. संस्था बदलणं हा लढा. दोन्ही एक नाहीत.

चांद्याकडं दुसऱ्याच स्कॉच चर्चचं मिशन होतं, बिशपवाल्यांचं. त्यातल्या अलेक्स वुड नावाच्या पाद्र्यानं बरीच वर्षं चांद्यात काढली. १९०६ साली या मिशनवर पुस्तक लिहिलं. १९२६ साली तो नागपूरचा बिशप झाला आणि १९३६ पर्यंत होता. जंगलातला पाद्री गादीवर बसला. आणि गादीवर बसल्यावर त्याच्यासमोर कोण आलं? दुसरा जंगलातला पाद्री. व्हेरिअर एल्विन.

एल्विन ऑक्सफर्डचा. १९२७ साली पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आला. खादी घालायचा, भुईवर जेवायचा, गांधीजींकडं जायचा. तिथं त्याला शामराव हिवाळे भेटला. मराठी ख्रिस्ती घरातला. ज्या डॉ. भा. पां. हिवाळ्यांनी १९४७ साली अहमदनगर कॉलेज काढलं त्यांचा हा भाऊ. १९३२ च्या जानेवारीत दोघं मैकल डोंगरातल्या करंजिया गावात गोंडांत राहायला गेले. मातीची झोपडी, औषधाची पेटी, शाळा, महारोग्यांसाठी घर. बिशप वुडनं म्हटलं, परवाना पाहिजे तर चर्चची आणि राजाची निष्ठा कबूल कर. एल्विन म्हणाला, राजाची शपथ घेणार नाही. आणि गोंडांना बाटवायचंही त्याच्या मनात नव्हतं. परवाना मिळाला नाही. १९३५ साली तो चर्चमधूनच बाहेर पडला.

योगायोग असा, की याच करंजियाला त्याच्या नव्वद वर्षं आधी जर्मन मिशनरी येऊन गेले होते. गोस्नर नावाच्या बर्लिनच्या पाद्र्यानं धाडलेली साधी माणसं, हातानं काम करून पोट भरायचं आणि गोंडांत राहायचं ठरवून आलेली. पहिल्या पावसातच रोगराईनं चौघं मेले. वाचलेल्यांपैकी काही कामठी-नागपूरकडं आले आणि हिस्लॉपच्या कामाला लागले. म्हणजे साधं राहणं काय, ते तिथं करंजियाच्या मातीत आधीच पुरलेलं होतं.

एल्विननं गोंड-बैगांवर ग्रंथामागून ग्रंथ लिहिले, नाव कमावलं. पण १९४० साली त्यानं एका कोवळ्या गोंड पोरीशी लग्न केलं आणि १९४९ साली घटस्फोट झाला. तो पुढं शिलाँगला गेला, सरकारचा आदिवासी सल्लागार झाला, १९६४ साली मेला. ती पोर मागं राहिली, पुस्तकांत तळटीप होऊन. झोपडीत राहिला, भुईवर जेवला, म्हणून सगळं माफ असं मी धरत नाही. गरिबी अंगावर घेणं आणि गरिबाला बरोबरीचा धरणं यांत फार अंतर आहे. पहिलं एका दिवसात जमतं.

आपल्या ख्रिस्ती भावांची गोष्ट तर याहून वेगळी. कोळशाबरोबर घुग्घुस-बल्लारपुरात तेलुगू मुलखातून मजूर आले, त्यांच्याबरोबर त्यांची प्रार्थनाघरं आली. १९६२ साली केरळच्या कॅथलिक पाद्र्यांकडं चांद्याचं स्वतंत्र क्षेत्र सोपवलं गेलं, बल्लारशाला त्याचं ठाणं झालं. तिथं झोपडपट्टीत जाणारे पाद्री असतील, आहेत. पण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं हिंदू सोडून बाकी धर्माचा माणूस अनुसूचित जातीचा नाही असं ठरवलं. शिखांना १९५६ साली आत घेतलं, आपल्याला, बौद्धांना, १९९० साली, चौतीस वर्षं वाट बघायला लावून. ख्रिस्ती महार, ख्रिस्ती मांग, ख्रिस्ती माला-मादिगा बाहेरच. २०२२ साली त्यावर न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा आयोग नेमला. वस्ती तीच, विहीर तीच, कारखान्याच्या गेटवर विचारली जाणारी जात तीच. फक्त रविवारी कुठं जातो यावरून एकाला सवलत, एकाला नाही. पाद्री कितीही साधा राहिला तरी हा कागद त्याच्या झोळीतून येणार नाही. आणि आपण, ज्यांना चौतीस वर्षं काय असतात ते माहीत आहे, आपण त्यांच्या मोर्चात किती गेलो?

शामरावचं राहिलं. गोंड लोक एल्विनला बडा भाई म्हणायचे आणि शामरावला छोटा भाई. भांडण मिटवायचं तर छोटा भाई, ताप आला तर छोटा भाई, पटवाऱ्याकडं जायचं तर छोटा भाई. १९४६ साली त्यानं नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातल्या परधानांवर पुस्तक लिहिलं. राजांवर नाही, गोंडांवरही नाही, गोंडांच्या दारात बसणाऱ्या परधानांवर. त्याच वर्षी त्यानं एल्विनचं चरित्र लिहिलं. त्याचं स्वतःचं कोणी लिहिलं नाही. बडा भाई शिलाँगला गेला तेव्हा छोटा भाई मंडल्याच्या डोंगरातच राहिला, पाटणगडकडं, परधानांच्या वस्तीत. त्याच पाटणगडचा जनगडसिंह श्याम नावाचा परधान पोरगा १९८१ च्या सुमारास भोपाळला गेला आणि बान्यावर गायचे ते देव भिंतीवर, कागदावर रंगवू लागला. त्याची चित्रं पॅरिसला लागली. २००१ साली जपानात तो मेला. त्याच्या चित्रांखाली त्याचं नाव आहे.